ऊसतोडीला निघण्याआधी मातृवंदनेचा अर्ज : पात्रता, कागदपत्रं आणि हप्ता अडतो कुठं

गरोदर बायका आणि बाळंतिणींना पैसे देणाऱ्या प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेला पात्र असूनही पैसे अडकतात, ते कागद विखुरल्यामुळे. तपासणी बीडकडच्या उपकेंद्रात, बाळंतपण कारखान्याजवळच्या दवाखान्यात, लस तिसऱ्याच गावात, आणि या सगळ्याच्या नोंदींचं माता-बाल संरक्षण कार्ड मात्र घरी पेटीत. म्हणून टोळी दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते, त्याआधीच नोंदणी उरकावी.

पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात. गरोदरपणाची नोंदणी आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झाली की 3,000. बाळाच्या जन्माची नोंद आणि 14 आठवड्यांपर्यंतचं लसीकरण पूर्ण झालं की 2,000. 1 एप्रिल 2022 पासून दुसरं अपत्य मुलगी असेल तर जन्मानंतर एकाच हप्त्यात 6,000 मिळतात. दुसऱ्या खेपेला जुळं झालं आणि त्यात एक मुलगी असली तरी चालतं. दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागात 700 रुपये असतात, ते वेगळे.

रक्कम कशासाठी, हे कोयत्याच्या हिशोबात लगेच कळतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. ती बसली की जोडीची मजुरी बुडते, वर मुकादमाकडचा खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड. नोकरदार बाईला 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, फडावर, म्हणजे तोडीच्या उसाच्या शेतात, तसं काही नाही. 5,000 रुपयांत ती बुडालेली मजुरी भरून निघत नाही, हेही खरं.

पात्रतेसाठी पुढच्यापैकी कोणताही एकच पुरावा पुरतो : अन्नसुरक्षेचं किंवा दारिद्र्यरेषेखालचं रेशन कार्ड, रोजगार हमीचं जॉब कार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड, बाईच्या नावानं किसान सन्मान निधी, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, 40 टक्के किंवा अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र, किंवा वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असल्याचा तहसीलचा दाखला. आशा, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांनाही लाभ आहे. केंद्र-राज्य सरकारच्या किंवा सार्वजनिक उपक्रमांच्या नियमित नोकरीतल्या बायकांना नाही. वय किमान 18 वर्षं 7 महिने लागतं. आधारवर जन्मतारीख अंदाजानं टाकलेली असेल तर अर्ज इथंच परत फिरतो, तेव्हा दुरुस्ती आधी करून घ्या. नवऱ्याच्या आधारची आता सक्ती नाही. परित्यक्ता, विधवा कुणीही स्वतःच्या कागदांवर अर्ज करू शकते.

सोबत लागतं ते : स्वतःचं आधार, स्वतःच्या नावाचं बँक किंवा पोस्टाचं खातं, चालू मोबाइल नंबर आणि माता-बाल संरक्षण कार्ड. कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख, नोंदणीची तारीख आणि आरसीएच नंबर (गरोदरपणाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) स्पष्ट लिहून घ्या. पाळीची तारीख खोडाखोडीची असली की मुदतीचा सगळा हिशोब बिघडतो. आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं, ही तर नेहमीची अडचण.

खात्याबाबत बँकेत नुसतं ‘आधार जोडलंय का’ असं विचारून भागत नाही. ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग कोणत्या खात्याला आहे?’, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हायला आधार कोणत्या खात्याशी जोडलंय, असं विचारावं. पैसे फॉर्मवरच्या नव्हे, तर सीडिंग झालेल्या खात्यात जातात. लाडकी बहीणचे पैसे ज्या खात्यात येतात, तेच खातं समजा. कितीतरी ‘न आलेले’ हप्ते सीडिंग झालेल्या, पण विसरलेल्या खात्यात पडून असतात.

अर्ज आशाताई किंवा अंगणवाडीताईंकडून ऑनलाइन भरून घेता येतो, पोर्टलवर स्वतःही भरता येतो. पोचनंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पहिला हप्ता आला म्हणून दुसरा आपोआप येत नाही. जन्म आणि लसींची माहिती पुन्हा भरावी लागते.

आता फडावरचं. जन्माची नोंद जिथं बाळंतपण झालं तिथंच होते, बीड-परभणीच्या ग्रामपंचायतीत नाही. कोल्हापुरात किंवा कर्नाटकात बाळ झालं तर दाखला तिथूनच, शक्यतो 21 दिवसांच्या आत घ्या. नंतर विलंब शुल्क, महिन्यानंतर लेखी परवानगी. लस कोणत्याही सरकारी केंद्रात मोफत मिळते. जन्मावेळची, मग 6, 10 आणि 14 आठवड्यांची, प्रत्येक डोस कार्डावर तारखेसह लिहून घ्या. तोंडी सांगितलेली लस हप्त्याला धरत नाहीत.

हे 14 आठवडे म्हणजे साडेतीन महिने. बाळाला फक्त अंगावरचं दूध मात्र पूर्ण सहा महिने, वरचं पाणी, घुटी, मध काही नाही. पहिल्या तासातला पिवळसर चीक फेकू नका. बाळ कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, ठेवून फडात जावं लागलं तर पाजण्यात अंतर पडतं, आणि दूध काढलं गेलं नाही की पुढं कमीच येतं. जाण्याआधी हात धुऊन स्वच्छ, झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात दूध काढून ठेवावं. सावलीत चार तासांच्या आत वाटी-चमच्यानं पाजावं. बाटली नको, पाचटात ती उकळून धुणार कोण?

अर्जाची मुदत : पहिल्या अपत्यासाठी शेवटच्या पाळीपासून 570 दिवस, दुसऱ्या मुलीसाठी जन्मापासून 270 दिवस. मार्च-एप्रिलमध्ये परतल्यावरही बऱ्याच जणींची मुदत शिल्लक असते, फक्त सहा महिन्यांच्या आतली ती तपासणी कार्डावर असायला हवी. गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्मलं, तर पुढच्या गरोदरपणी नव्यानं अर्ज करता येतो.