हेल्पलाइन आणि सपोर्ट ग्रुप: घरात मानसिक आजार असेल तर कुणाकडे काय मागायचं

घरात कुणाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा बरेच दिवस रेंगाळलेलं डिप्रेशन असलं आणि "कुठं मदत मिळेल का" असं विचारलं की दोन उत्तरं हमखास येतात, एकजण हेल्पलाइनचा नंबर पाठवतो आणि दुसरा म्हणतो सपोर्ट ग्रुपला जा. दोन्ही बहुतेक ठिकाणी फुकट, दोन्हीकडे बोलायचंच असतं, गोळ्या कुठंच मिळत नाहीत, त्यामुळे लोकांना ते एकच वाटतं. मग होतं काय, की कुणीतरी हेल्पलाइनला दहा वर्षांची कहाणी ऐकवतो आणि "नुसतं ऐकून घेतात हो" म्हणत फोन ठेवतो, आणि मध्यरात्री जीव नकोसा झालेला माणूस व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकून बसतो, जिथं सगळे झोपलेत. हे दुसरं जास्त घातक, म्हणून आधी हेल्पलाइनचं सांगते.

सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, नंबर १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. बंगळुरूची निम्हान्स, म्हणजे मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था, ही तिची मुख्य संस्था. फोन आधी ट्रेनिंग घेतलेला समुपदेशक घेतो, गरज वाटली तर पुढं तज्ज्ञाकडे जोडून देतात. मुंबईत टिसची (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची) आयकॉल ही हेल्पलाइन २०१२ पासून आहे, तीही चांगली, पण खाजगी किंवा संस्थांच्या हेल्पलाइनच्या वेळा ठरलेल्या असू शकतात, म्हणून नंबर सेव्ह करताना वेळही लिहून ठेवा.

एक गोष्ट खूप घरांना माहीतच नसते. पेशंटनेच फोन करायला हवा असं काही नाही. मुलगा आठ दिवस खोलीबाहेर आला नाही, एकटाच बोलतो, डॉक्टरचं नाव काढलं की चिडतो, अशा वेळी आईने फोन करून "मी आता काय करू, आमच्या जिल्ह्यात कुठं दाखवू" एवढं विचारलं तरी चालतं. आणि खरं सांगायचं तर हेल्पलाइनला असाच प्रश्न विचारावा, आजचा आणि नेमका. पलीकडच्या माणसाला तुमचं घर माहीत नाही, पुढच्या वेळी तोच भेटेल असंही नाही. छोट्या गावात हा तोटा नसून फायदाच आहे म्हणा, तुमच्या काकांना ओळखणारं तिथं कुणी नाही.

पण कुणी जिवाचं बरंवाईट करून घेतलंच असेल तर समुपदेशक नंतर, आधी १०८ ची अॅम्ब्युलन्स किंवा ११२. पोलीस केस होईल या भीतीने अजूनही लोक हॉस्पिटलमध्ये खोटं सांगतात आणि त्यात उपचाराचा वेळ जातो. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे, त्याच्या कलम ११५ नुसार अशा माणसावर प्रचंड ताण होता असंच धरून चालायचं असतं आणि त्याला शिक्षा करायची नसते. डॉक्टरला खरं सांगा.

आता सपोर्ट ग्रुप, ज्याला आपल्याकडे स्वमदत गट म्हणतात. इथं समोर बसलेल्या माणसाकडे बहुतेकदा डिग्री नसते, त्याच्याकडे तुमच्यासारखंच घर असतं. ही कल्पना गाजवली ती दारू सुटावी म्हणून धडपडणाऱ्यांनी, १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन भेटले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस उभं राहिलं. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ('सा') १९९७ मध्ये सुरू केली ती डॉ. जगन्नाथ वाणींनी, ते मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते आणि त्यांच्या पत्नीला हा आजार होता. अशा गटांत आजार असलेल्याला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. जमलं तर दोघांच्या बैठका वेगळ्या असलेला गट बघा, कारण मुलगा शेजारी बसलेला असताना कुठली आई "मी थकले" म्हणणार आहे?

गटात जे मिळतं ते फोनवर मिळणं कठीण. गोळी जिभेखाली दाबून नंतर थुंकतो त्याचं काय करायचं, लग्न ठरवताना समोरच्यांना कधी आणि कसं सांगायचं, आणि सगळ्यात मोठा प्रश्न, आमच्यानंतर याचं काय. कागदपत्रांचं तर विचारूच नका. मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतो, 'आयडियाज' नावाच्या मोजपट्टीवर तपासून टक्केवारी ठरते, ४० टक्के किंवा वर असेल तर सर्टिफिकेटचे फायदे मिळतात, जुन्या टॅक्स पद्धतीत सांभाळणाऱ्या नातेवाइकाला उत्पन्नातून मिळणारी ७५ हजारांची वजावटही त्यातलीच. पण नॅशनल ट्रस्टचा कायदा आणि त्यातली निरामय विमा योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगतेसाठी आहे, फक्त स्किझोफ्रेनिया असेल तर तिथं काही होत नाही. दिव्यांग म्हटल्यावर सगळं सारखंच असणार असं समजून लोक गार्डियनशिपसाठी तिथं चकरा मारतात. त्यांच्यासाठी रस्ता २०१६ च्या कायद्याच्या कलम १४ चा, मर्यादित पालकत्वाचा. हे असलं ज्ञान आधी चकरा मारून आलेल्या शुभंकराकडेच मिळतं, आणि तो ते चहा पिता पिता सांगून टाकतो.

मात्र औषधांचा विषय निघाला की कान थोडे बंद ठेवा. "आमच्या हिला लिथियमने फरक पडला" हे ऐकायला ठीक, पण लिथियमचं रक्तातलं प्रमाण तपासत राहावं लागतं, क्लोझापिन हे औषध चालू असताना रक्तातल्या पांढऱ्या पेशी बघाव्या लागतात, शेजारच्या खुर्चीवरून डोस ठरत नाही. कुणी गटात "गोळ्या बंद करा, आमच्याकडे खात्रीचा इलाज आहे" म्हणत असेल आणि गट चालवणारा त्याला थांबवत नसेल, तर तो गट सोडा, माझं तरी स्पष्ट मत आहे. व्हॉट्सअॅपवरचा चारशे जणांचा ग्रुप मी स्वमदत गटात धरतच नाही. तिथं नाव-गाव-फोटो सगळं उघडं आणि इथलं बोलणं बाहेर जाणार नाही हा नियम पाळायचा कुणी.

पुण्या-ठाण्याबाहेर गट सापडणं अवघड आहे हे खरंच. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत किंवा गोव्यात बांबोळीला चौकशी करता येते. नाहीतर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीतल्या सोशल वर्करला सांगून ठेवा की आमच्यासारखी अजून चार घरं असतील तर आम्हाला भेटायचंय, आमचा नंबर त्यांना द्या. त्यांचे नंबर तो देणार नाही आणि देऊही नयेत, पण तुमचा पुढं पोचवू शकतो. पहिल्या बैठकीला शाळेचा एखादा रिकामा वर्ग मिळाला तरी पुरतो.