युगोस्लाव्हिया: कारभाराच्या हद्दी देशांच्या सीमा झाल्या त्याची गोष्ट

युगोस्लाव्हिया फुटला तेव्हा नव्या देशांच्या सीमा कुणी नव्याने आखल्या नाहीत. महासंघातल्या सहा प्रजासत्ताकांमधल्या हद्दीच जानेवारी १९९२मध्ये बादेंतेर आयोगाने, म्हणजे युरोपीय समुदायाने नेमलेल्या कायदेतज्ज्ञांच्या मंडळाने, आंतरराष्ट्रीय सीमा मानल्या. परस्पर संमतीशिवाय त्या बदलता येणार नाहीत, असंही सांगितलं. जिल्ह्याची हद्द ओलांडावी तशी लोक जी रेघ रोज ओलांडत, तिथे पासपोर्ट तपासणी सुरू झाली.

या हद्दी मुख्यतः १९४५ साली ठरल्या. त्याआधी १९२९मध्ये राजा अलेक्झांडरने जुन्या प्रांतांच्या ओळखी पुसायच्या म्हणून देशाचे नऊ भाग पाडले होते आणि बहुतेकांना नद्यांची नावं दिली होती. ते टिकलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सत्तेवर आलेल्या टिटोच्या कम्युनिस्टांनी बरंचसं जुनंच उचललं: बोस्नियाला साधारण १८७८च्या बर्लिन काँग्रेसच्या, म्हणजे युरोपीय सत्तांच्या परिषदेच्या, वेळची हद्द मिळाली. क्रोएशिया आणि सर्बियातला वोय्वोदिना प्रांत यांच्यामध्ये मात्र कम्युनिस्ट नेता मिलोव्हान जिलासच्या आयोगाला लोकवस्ती पाहून निवाडा करावा लागला. बारान्या हा प्रदेश क्रोएशियाकडे गेला, श्रेम या प्रदेशाचा पूर्व भाग वोय्वोदिनाकडे.

बोस्नियातल्या निऊम या किनारी गावाचं उदाहरण पाहा. बोस्नियाला समुद्राकाठी जेमतेम वीस किलोमीटरची पट्टी आहे, ती १६९९च्या कार्लोविट्झ तहापासूनची. व्हेनिसची हद्द आपल्याला भिडू नये म्हणून तेव्हा वेगळं प्रजासत्ताक असलेल्या दुब्रोव्हनिकने ती ऑटोमनांना देऊन टाकली होती. तीनशे वर्षांनी त्यामुळेच स्प्लिटहून दुब्रोव्हनिकला निघालेल्या गाडीला दोनदा सीमा ओलांडावी लागे. २०२२मध्ये पेल्येशाचचा पूल झाला आणि क्रोएशियाला आपल्याच हद्दीतून रस्ता मिळाला.

खरा पेच माणसांच्या वर्गवारीत होता. सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन, मॅसेडोनियन, मॉन्टेनिग्रिन आणि १९७१च्या जनगणनेपासून (मुख्यतः बोस्नियातले) मुसलमान हे ‘नारोद’, म्हणजे घटक राष्ट्र. अल्बेनियन आणि हंगेरियन ‘नारोदनोस्त’, म्हणजे नुसता राष्ट्रीय गट, कारण त्यांचं राष्ट्र महासंघाबाहेर आहे असं मानलं जाई. १९८१मध्ये अल्बेनियन सुमारे १७ लाख होते, मॉन्टेनिग्रिन सुमारे ५ लाख ८० हजार. तरी प्रजासत्ताकाचा दर्जा मॉन्टेनिग्रोला मिळाला आणि अल्बेनियनबहुल कोसोव्होला सर्बियातला स्वायत्त प्रांत एवढाच. १९७४च्या राज्यघटनेने कोसोव्होला महासंघाच्या अध्यक्षमंडळात जागा दिली, पण नाव प्रांतच राहिलं. म्हणून १९९२चा नियम त्याला लागू झाला नाही, आणि २००८च्या स्वातंत्र्याला सर्बियाची मान्यता आजही नाही. एका शब्दाची ही किंमत आम्हाला फार जड वाटते.

बोस्नियात तर कुठलीच रेघ वस्तीशी जुळणारी नव्हती. १९९१ साली तिथे मुसलमान ४३, सर्ब ३१ आणि क्रोएट १७ टक्क्यांच्या आसपास होते. तेही गावागावांत, एकाच इमारतीत मिसळलेले. बोस्नियातलं युद्ध थांबवणाऱ्या १९९५च्या डेटन कराराने मुसलमान-क्रोएट भागाला ५१ आणि सर्ब भागाला ४९ टक्के जमीन अशी वाटणी केली. सारायेव्होच्या दोब्रिन्या वस्तीत ती नकाशावरची रेघ थेट राहत्या इमारतींमधून गेली. तो वाद २००१मध्ये लवादाने मिटवला.

क्रोएशिया आणि सर्बिया यांच्यामधल्या डॅन्यूब नदीवरचा वाद अजून तसाच आहे. क्रोएशिया जुन्या जमीन-नोंदींतली हद्द धरतो. त्या नोंदी झाल्यानंतर नदीची वळणं सरळ केली गेली, त्यामुळे काही तुकडे पलीकडच्या काठाला लागले. सर्बिया पात्राचा मध्य धरतो.