गाठ वाढली की गळती?

‘एवढा शेक दिला, गोळ्या झाल्या, आनि गाठ वाढल्या म्हणत्यात की वो!’ कोल्हापूरच्या राजारामपुरीत स्कॅन सेंटरबाहेर मेंदूच्या एमआरआयची फिल्म उजेडाकडं धरून कुणीतरी हे म्हणतं (शेक म्हणजे रेडिएशन), आणि लगेच दुसरा अंगाऱ्याचा पत्ता देतो. फिल्मवरचा पांढरा डाग खरंच मोठा झालेला असतो. पण डाग म्हणजे गाठ नव्हे.

एमआरआय करताना शिरेतून जो कॉन्ट्रास्ट (चित्र उठावदार करणारं द्रव्य) देतात, त्यात गॅडोलिनियम असतं. त्याला कॅन्सर ओळखता येत नाही. इतर बहुतेक अवयवांत ते केशवाहिन्यांतून बाहेर झिरपतं. मेंदूत त्या वाहिन्यांच्या पेशी क्लॉडिनसारख्या प्रथिनांनी इतक्या घट्ट जोडलेल्या असतात, की ते आतच राहतं. ही जोडणी सुटली की गळती सुरू. कॉन्ट्रास्टमधल्या गॅडोलिनियमच्या आयनात (विद्युतभारित अणूत) सात एकटे इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्या चुंबकत्वामुळे शेजारच्या पाण्यातले हायड्रोजन लवकर मूळ स्थितीत येतात, म्हणून एमआरआयच्या ‘टी-१’ प्रकारच्या चित्रात ती जागा पांढरी उजळते. पावसाळ्यात भिंतीवर ओल दिसते, पण पाइप फुटला की कौल सरकलं ते ओलीवरून कळत नाही, तसंच हे.

ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक कॅन्सरच्या नव्या वाहिन्या गळक्या असतातच. पण सहा आठवडे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड ही केमोथेरपीची गोळी घेतल्यावर उपचारानंही वाहिन्या दुखावतात, सूज येते, डाग पसरतो. हीच ‘स्यूडोप्रोग्रेशन’, म्हणजे खोटी वाढ. म्हणून मेंदूची गाठ वाढली की घटली हे ठरवण्याच्या २०१० च्या ‘रानो’ निकषांनुसार रेडिएशननंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत केवळ डाग वाढला म्हणून आजार वाढला असं ठरवत नसत. नवा डाग रेडिएशनच्या क्षेत्राबाहेर हवा किंवा बायोप्सीचा पुरावा हवा, असं त्यात होतं. रक्तपुरवठा मोजणाऱ्या परफ्यूजन एमआरआयची मदत होते: जिवंत गाठीत रक्ताचं प्रमाण सहसा जास्त, नुसत्या इजेत कमी. तरी दोन्ही एकत्रही असतात. ‘एआय क्षणात निदान करतो’ या जाहिराती वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

उलटंही घडतं. बेव्हॅसिझुमॅब हे औषध दिल्यावर वाहिन्यांची गळती थांबते, डाग दोन-चार दिवसांतही फिका पडू शकतो, घरात पेढे वाटले जातात. गाठीच्या पेशी मात्र तिथंच असू शकतात.

आपल्याकडं मेंदूतल्या टीबीच्या गाठीही औषधं लागू पडत असताना काही रुग्णांत आधी मोठ्या दिसतात. प्रतिकारशक्ती चेकाळलेली असते. अशा वेळी घाबरून गोळ्या बंद करणं हीच मोठी चूक. बहुधा त्या चालू ठेवून जोडीला स्टिरॉइड देतात.

स्टिरॉइडनंही गळती कमी होते. त्यामुळं पुढच्या स्कॅनला जुन्या फिल्म आणि सीडीसोबत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा डोस कधी वाढवला, कधी कमी केला, त्या तारखा लिहून न्याव्यात.