पाण्याखाली गेलेली फरशी

पावसाळ्यात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा फुगल्या की चिकोडी-निपाणी भागातली माणसं एकमेकांना फोनवर आधी एकच विचारतात, "फरशी गेली का?" कल्लोळ-येडूर, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, सिदनाळ-अक्कोळ हे आमचे बंधारावजा पूल, म्हणजेच फरश्या, पुराच्या पाण्याखाली जातात. जातात म्हणजे दिसेनासे होतात, असतात तिथंच. वरून होडी जाणार असेल तर तळाशी लागणारी तीच फरशी असते.

लहानपणी एका म्हाताऱ्या नावाड्याबरोबर कृष्णेतून पलीकडे जायचो. तो मधूनमधून वेळू पाण्यात खुपसून बघायचा आणि नजर मात्र काठावर. एकदा विचारलं, तर म्हणाला, "देवळाचा कळस अन् ती चिंच एका रेषेत आली की खडक सरला बघ. कळस डावीकडं सरकला तर थांबायचं." पुढे कळलं, मोठ्या बंदरांत हेच करतात. दोन दिवे एकामागे एक, मागचा उंचावर. दोन्ही एका उभ्या रेषेत दिसले की जहाज वाटेवर आहे, जरा ढळलं की दिवे लगेच फाकतात. जवळची वस्तू आणि लांबची वस्तू आपण हललो की वेगवेगळी सरकताना दिसते, एवढ्या साध्या गोष्टीवर हे चालतं.

उथळ पाण्यात खूण इतकी मोलाची का, याचं एक कारण लाटेत आहे. उथळ पाण्यातली लाट किती जोरात पळणार हे खोली ठरवते. एक मीटर पाण्यात तिची मर्यादा ताशी साधारण 11 किलोमीटर, दोन मीटरला 16. होडी त्या वेगाजवळ पोचली की तिनंच उठवलेली लाट तिच्यापुढे चढण होऊन उभी राहते. नाक वर उचलतं, मागचा भाग खाली बसतो, आणि मशीनचा पंखा नेमका मागेच असतो. चालवणाऱ्याला वाटतं जोर कमी पडतोय, तो आणखी रेस करतो आणि मागची बाजू आणखी बसते. पुढे उथळ आहे हे आधीच कळलं तरच तो वेळेवर वेग कमी करू शकतो.

नदी काही खुणा स्वतःच देते. वळणावर बाहेरच्या काठाला पाणी कापत जातं, तिथं डोह. आतल्या अंगाला गाळ आणि वाळू साचते. पण गढूळ पुरात वीतभर खालचंही दिसत नाही. त्यात बुडलेल्या फरशीवरून पाणी पलीकडे कोसळतं, तिथं ते मागं वळून गोल फिरत राहतं. त्यात सापडलेली होडी तिथंच अडकून पडते.

खूण नुसती असून भागत नाही, ती बघताक्षणी कळली पाहिजे. 1971 च्या जानेवारीत इंग्लंड-फ्रान्समधल्या डोव्हरच्या सामुद्रधुनीत एक टँकर बुडाला. दुसऱ्याच दिवशी त्याच्या सांगाड्यावर आदळून दुसरं जहाज बुडालं. मग तिथं खुणा लावल्या, तरी फेब्रुवारीत तिसरं जहाज आदळलं आणि त्यावरचे सगळे 22 जण गेले. तेव्हा जगात अशा खुणांच्या तीसहून अधिक वेगवेगळ्या पद्धती होत्या. 1980 मध्ये देशांनी एक पद्धत ठरवली. भारतात समुद्रातून आत येताना डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवी बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण. लाल डब्यासारखी, हिरवी शंकूसारखी. सूर्य समोर असला आणि रंग कळेना, तरी आकार कळतो.

2019 च्या पुरात आमच्याकडे बाहेरून रबरी बोटी आल्या. चालवणारे तरबेज आणि धाडसी, पण कळस आणि चिंच त्यांना कोण सांगणार? बुडालेली विहीर, मोटारीचा पाइप, विजेचा खांब, शेताचं तारेचं कुंपण, हे सगळं गावकऱ्याच्या डोक्यात असतं, पाण्यावर नसतं. 2016 च्या कायद्यानं घटप्रभा आणि मलप्रभा राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत आल्या. मला मात्र आधी फरशीच्या दोन्ही टोकांना 2019 च्या पातळीहून उंच, लांबून ठळक दिसणारे खांब हवेत. विहिरींजवळही तसेच. खांब घट्ट असला की त्याच्याभोवती पाणी कसं वळतं यावरून ओढीची दिशा आणि जोरही कळतो. काम मे महिन्यात करायचं. तेव्हा पात्र उघडं असतं, आणि कुठला कठडा मोडलाय, कुठला खडक वर आलाय, ते चालत जाऊन हात लावून बघता येतं.