कर्करोग विभागातला कोरोना : दोन लागणी, एकच साखळी

कर्करोगाच्या रुग्णांना झालेला कोरोना आणि रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना झालेला कोरोना यांचे आकडे सहसा वेगवेगळे छापले जातात. पण ही साखळी एकच आहे, हे महासाथीच्या अगदी सुरुवातीलाच दिसलं होतं. ७ फेब्रुवारी २०२० रोजी 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात वुहानच्या झोंगनान रुग्णालयातल्या १३८ कोरोना रुग्णांची माहिती आली. त्यातल्या ४१ टक्के जणांना रुग्णालयातच लागण झाली असावी, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. ४० जण आरोग्य कर्मचारी होते, १७ जण दुसऱ्याच आजारासाठी आधीपासून दाखल असलेले. त्या सतरांपैकी ५ कर्करोग विभागातले. एक रुग्ण पोटाची तक्रार घेऊन आला म्हणून त्याला सर्जरीच्या वॉर्डात ठेवलं गेलं. त्याच्यापासून तिथल्या दहाहून अधिक कर्मचाऱ्यांना लागण झाली, असा अंदाज आहे.

हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. २००३ च्या सार्सच्या (कोरोना गटातल्याच विषाणूमुळे होणाऱ्या श्वसनाच्या आजाराच्या) साथीत जगभरात ८,०९६ रुग्ण नोंदले गेले, त्यातले १,७०६ आरोग्य कर्मचारी होते. २०१५ मध्ये दक्षिण कोरियात मर्स या तशाच आजाराचा एक रुग्ण सोलच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या गर्दीने भरलेल्या तातडीच्या विभागात तीन दिवस होता. त्याच्यापासून ८२ जणांना लागण झाली: रुग्ण, नातेवाईक, कर्मचारी, सगळेच. एवढा धडा समोर असूनही २०२० मध्ये अनेक देशांत परिचारिकांना मास्क पुरले नाहीत, याचा राग यायलाच हवा.

कर्करोगाच्या रुग्णाला तर रुग्णालय टाळताच येत नाही. रेडिएशन म्हटलं की आठवड्याचे पाच दिवस, कित्येक आठवडे फेऱ्या. तंत्रज्ञ रुग्णाला टेबलावर झोपवतो, अंगावरच्या खुणा यंत्राच्या प्रकाशरेषांशी जुळवतो. हे काम हातभर अंतरावरूनच होतं. केमोसाठी सुई लावणारी परिचारिकाही तशीच जवळ. आणि हा विषाणू लक्षणं दिसण्याआधीच पसरतो, म्हणजे ठणठणीत वाटणारा कर्मचारीही तो घेऊन आत येऊ शकतो.

त्यात तापाचा पेच. केमोनंतर संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप आला, तर तासाभरात अँटिबायोटिक सुरू करायचं, हा कर्करोग विभागातला जुना नियम. महासाथीत मात्र तापाचा रुग्ण म्हणजे आधी कोरोनाचा संशयित. त्याला वेगळं ठेवायचं की लगेच अँटिबायोटिकचं सलाईन लावायचं? खरं तर दोन्ही एकाच वेळी करायला हवं होतं, आणि त्यासाठी वेगळी जागा, वेगळी माणसं लागत होती. ती सगळीकडे कुठून असणार?

भीती वाढवली ती एका छोट्या आकड्याने. फेब्रुवारी २०२० मध्येच 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त चीनमधल्या १,५९० कोरोना रुग्णांचं विश्लेषण आलं. त्यात कर्करोगाचे रुग्ण फक्त १८, आणि त्यातल्या १२ जणांची शस्त्रक्रिया आधीच होऊन ते केवळ नियमित तपासणीवर होते. तरी कर्करोगाच्या रुग्णांत ३९ टक्के विरुद्ध इतरांत ८ टक्के हा गंभीर आजाराचा फरक जगभर पोहोचला. केमो पुढे ढकला, शस्त्रक्रिया थांबवा, असा सूर लागला.

मे महिन्यात चित्र बदललं. ब्रिटनमधल्या ८०० कर्करोग-कोरोना रुग्णांच्या नोंदींत २२६ मृत्यू होते, म्हणजे धोका खराच होता. पण कोरोना होण्याआधीच्या चार आठवड्यांत केमो घेतल्यामुळे मृत्यूचं प्रमाण लक्षणीय वाढलेलं दिसलं नाही. वय, पुरुष असणं आणि रक्तदाब, हृदयविकार यांसारखे जोडीचे आजार जास्त भारी पडत होते. उलट शस्त्रक्रियेला होणाऱ्या दर चार आठवड्यांच्या उशिरामागे मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असं 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासाने नोव्हेंबर २०२० मध्ये मांडलं. सरसकट सगळ्यांचे उपचार पुढे ढकलणं ही चूक होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

रक्ताच्या कर्करोगाची गोष्ट मात्र वेगळी. अमेरिकेत ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या एका महिला रुग्णाला कोरोनाची कसलीच लक्षणं नव्हती, तरी पहिल्या निदानानंतर ७० दिवसांपर्यंत तिच्या नमुन्यांत संसर्ग पसरवू शकणारा जिवंत विषाणू सापडत होता. चौदा दिवस वेगळं ठेवून वॉर्डात परत घ्यायचं, हा हिशोब अशा रुग्णांना लागू पडणार नव्हता.

लस आल्यावरही फरक राहिला. २०२१ मधल्या ब्रिटिश अभ्यासात फायझरच्या एका डोसनंतर निरोगी लोकांपैकी ९४ टक्क्यांमध्ये अँटिबॉडी तयार झाल्या. गाठीच्या (म्हणजे स्तन, फुफ्फुस अशा अवयवांतल्या) कर्करोगात हे प्रमाण ३८ टक्के होतं, रक्ताच्या कर्करोगात जेमतेम १८. म्हणून या विभागांत दुसरा डोस वेळेवर मिळणं महत्त्वाचं ठरलं, आणि तितकंच महत्त्वाचं ठरलं ते सुई लावणाऱ्या, टेबलावर झोपवणाऱ्या, जेवण आणून देणाऱ्या प्रत्येकाचं लसीकरण. या कर्मचाऱ्यांनी किती सोसलं, तेही नोंदलेलं आहे: जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोरोनाने दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.