शिंजुकु: ठरलेलं नाटकघर आलंच नाही, तात्पुरता बाजार मात्र राहिला

टोकियोच्या शिंजुकुत पहिल्यांदा जाणारा माणूस स्टेशनातच हरवतो. रोजचे लाखो प्रवासी, दोनशेच्या वर एक्झिट, आणि एक दार चुकलं की खायला-प्यायला निघालेला माणूस थेट सरकारी टॉवरखाली उभा. पण हा गोंधळ आजचा नाहीये.

शिन म्हणजे नवं, जुकु म्हणजे मुक्कामाचं ठाणं. एदोहून, म्हणजे जुन्या टोकियोहून, कोशू काइदो या हमरस्त्याने निघालं की पहिला मुक्काम फारच लांब पडायचा, म्हणून एदोतल्याच असाकुसा भागाच्या काही व्यापाऱ्यांनी अर्जविनंत्या करून १६९८ मध्ये नाइतो सरदारांच्या जागेजवळ हे ठाणं मंजूर करून घेतलं. आता प्रवाशांची सोय वगैरे ठीक आहे, पण खरा चालायचा तो वेश्याव्यवसाय, चहा-जेवण वाढणाऱ्या बायकांच्या नावाखाली, आणि १७१८ मध्ये सरकारने ठाणंच बंद केलं. १७७२ ला परत सुरू. म्हणजे ‘काबुकिचोमुळे (ही इथली रात्रीच्या धंद्यांची वस्ती) एरिया बिघडला’ म्हणणाऱ्यांनी जरा मागे जाऊन बघावं.

१८८५ ला रेल्वे आली, तेव्हा हे शहराच्या कडेला होतं. १९२३ च्या भूकंपात टोकियोचा पूर्व भाग जळाला, लोक पश्चिमेकडे सरकले आणि त्यांच्यामागोमाग दुकानं. १९२७ ला किनोकुनिया हे पुस्तकांचं दुकान, १९३३ ला इसेतान या डिपार्टमेंट स्टोअरची मोठी इमारत.

त्याच १९२७ मध्ये नाकामुराया या बेकरीने रेस्टॉरंट काढून भारतीय करी विकायला घेतली, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. व्हाइसरॉय हार्डिंगवरच्या बॉम्बहल्ल्यानंतर इंग्रजांना हवे असलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ ला जपानला पळाले, तिथेही हद्दपारीचा हुकूम निघाला, तेव्हा या बेकरीच्या सोमा नवरा-बायकोने त्यांना दुकानामागे लपवलं. पुढे बोस त्यांचे जावई झाले आणि जपानी लोक जी घट्ट, पिठाळ करी खातात ती काही खरी नव्हे म्हणून त्यांनी आपल्या पद्धतीची शिकवली. हाडासकट चिकन, रस्सा वेगळा, भात वेगळा. बाहेर करी-भात १०-१२ सेनला (शंभर सेनचा एक येन) मिळायचा, इथे ८० सेन, तरी लोक यायचे. आजही त्याच जागी मिळते.

मग युद्ध, बॉम्बिंग, सगळं बेचिराख. शरणागतीनंतर पाचव्या दिवशी, २० ऑगस्ट १९४५ ला, ओझू टोळीने स्टेशनच्या पूर्वेला बाजार मांडला, ‘उजेड शिंजुकुतून’ अशी पाटी लावून! लष्कराचा माल बनवणाऱ्या कारखान्यांकडे पडून असलेल्या हेल्मेटांची भांडी झाली. पश्चिमेलाही असाच काळाबाजार होता. रेशनिंगमध्ये धड मटण मिळेना, मग वजडी-कलेजी काडीला टोचून निखाऱ्यावर भाजायची, तीच आजची ओमोइदे योकोचो, धुराने काळी पडलेली गल्ली. पूर्वेच्या टपऱ्या पुढे हटवल्या, त्यातले बरेच जण मागच्या बाजूला गेले, तिथे काही वर्षं वेश्याव्यवसाय चालला, १९५८ ला कायद्याने तो बंद झाल्यावर त्याच खोल्यांचे बार झाले. हे गोल्डन गाई. सहा-आठ स्टुलं, वर जायला शिडीसारखा जिना, शेजाऱ्याची कोपरं आपल्या कोपराला.

काबुकिचोचं तर नावच फसलेलं. जळालेल्या जागेवर काबुकी या पारंपरिक जपानी नाटकाचं थिएटर बांधायचं म्हणून १९४८ ला हौसेने नाव बदललं, थिएटर काही झालं नाही, नाव मात्र चिकटलं. १९५६ ला कोमा थिएटर आलं, तेही २००८ ला बंद पडलं आणि २०१५ पासून त्या जागेवरच्या बिल्डिंगवरून गॉडझिलाचं मुंडकं खाली बघतंय.

पश्चिमेचे टॉवर जिथे आहेत तिथे १९६५ पर्यंत योदोबाशीचं पाणी शुद्धीकरण केंद्र होतं. ते हलवलं, १९७१ ला केइओ प्लाझा हॉटेल उभं राहिलं, १९९१ ला टोकियोचं महानगर सरकार तिथे आलं. योदोबाशी वॉर्ड १९४७ मध्येच शिंजुकुत विलीन झालेला, त्यामुळे आता योदोबाशी म्हटलं की लोकांना आठवतं ते कॅमेऱ्याचं दुकान.