रेड डॉट साइटची जोडणी

रेड डॉट साइट, म्हणजे ठिपका दाखवणारे नेमयंत्र, रायफल, पिस्तूल किंवा एअरगनवर पक्के बसवणे. धक्का कितीही बसला तरी ठिपका आणि नळी यांचे नाते हलू नये, एवढाच या कामाचा हेतू. साइटमधील लहानशा एलईडीचा प्रकाश वक्र, लेपित काचेवरून परावर्तित होऊन डोळ्याकडे येतो आणि ठिपका दूर, लक्ष्याच्या पातळीवर असल्यासारखा भासतो. त्यामुळे मागची खाच आणि पुढची माशी एका रेषेत आणण्याची गरज उरत नाही. मात्र संदर्भाला दुसरा बिंदू नसल्याने बैठकीतली चूक नेमबाजाच्या डोळ्याला दिसतही नाही. ३० मिमी. लांबीच्या बैठकीखाली एका टोकाला ०.०३ मिमी. जाडीचा कचरा अडकला, तर साइट एक मिलिरेडियन, म्हणजे अंतराच्या हजाराव्या भागाएवढी, कलते. २५ मी. अंतरावर गोळी २५ मिमी. आणि १०० मी. अंतरावर १० सेंमी. सरकते. ‘साइट खराब निघाली’ अशी तक्रार आली, की जाणकार आधी स्क्रू पाहतात ते यामुळेच.

पूर्वपीठिका : परावर्तित प्रकाशाच्या नेमयंत्राची कल्पना आयरिश दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये मांडली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ती जर्मन विमानांवर आली. हातातल्या शस्त्रासाठी पहिली कोणती, यावर एकमत नाही. १९७० च्या सुमारास सिंगलपॉइंट नावाचे उपकरण वापरात होते; परंतु त्यातून आरपार दिसत नसे. एका डोळ्याने ठिपका आणि दुसऱ्याने लक्ष्य पाहावे लागे. आरपार दिसणारी आणि एलईडीवर चालणारी साइट हा निकष धरला, तर १९७५ ची स्वीडिश एमपॉइंट पहिली ठरते. बहुतेक लेखक हाच निकष मानतात आणि तो सयुक्तिक वाटतो.

बैठकीचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. अमेरिकेतील विल्यम वीव्हर यांच्या कंपनीची आडव्या खाचांची पट्टी शिकारी रायफलींवर आधीपासून रूढ होती. तिच्या खाचा ४.५७ मिमी. रुंद असत, पण खाचांमधील अंतराला ठरीव माप नव्हते. एका कंपनीचा माउंट (साइट पट्टीवर धरणारा जोडभाग) दुसरीच्या पट्टीवर बसेलच, याची खात्री त्यामुळे नसे. ३ फेब्रुवारी १९९५ रोजी अमेरिकी सैन्याने मिल-एसटीडी-१९१३ हे मानक काढले. न्यू जर्सीतील पिकॅटिनी शस्त्रागारावरून तीच पट्टी पिकॅटिनी रेल म्हणून ओळखली जाते. खाच ५.२३ मिमी., दोन खाचांच्या मध्यांतील अंतर १०.०१ मिमी. आणि पट्टीची रुंदी सुमारे २१.२ मिमी. अशी मापे त्यात बांधून दिली. या रेलचे जनकत्व वादग्रस्त आहे. रिचर्ड स्वान आणि त्यांच्या ए.आर.एम.एस. कंपनीने १९८० च्या दशकात वीव्हर पट्टीचे प्रमाणीकरण सुरू केले, असा एक पक्ष आहे. शस्त्रागारातील अभियंत्यांनी मोजमापे घेऊन मानक लिहिले, असे दुसरा पक्ष सांगतो. दोन्ही बाजूंचे म्हणणे पाहता कल्पना बाहेरची आणि मोजमापांची शिस्त शस्त्रागाराची, असे मानणे अधिक सुरक्षित दिसते. २००९ मध्ये नाटोने स्टॅनॅग ४६९४ (नाटोचे मानक) ही मेट्रिक आवृत्ती स्वीकारली. पकडीचा आधार तिरक्या कडांवर न ठेवता रेलच्या वरच्या सपाट पृष्ठावर घेणे हा तिच्यातला कळीचा बदल. माउंट काढून पुन्हा लावल्यावर नेम जवळपास तिथेच परत यावा, हा त्यामागचा विचार.

बैठकीचे प्रकार : (१) रेलवर कडांना चिमटा घेणारा माउंट. यात आडवा बोल्ट खाचेत बसतो आणि तोच धक्का झेलतो. (२) ११ मिमी. डव्हटेल, म्हणजे तिरक्या कडांची पट्टी. मुंबईच्या बाजारातील बहुसंख्य एअरगन आणि अनेक .२२ रायफलींवर हीच आढळते. हिला आडव्या खाचा नसतात. सगळी भिस्त घर्षणावर किंवा अडकण-पिनेवर. (३) पिस्तुलाच्या स्लाइडवर (गोळीगणिक मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर) थेट मिलिंग करून, म्हणजे यंत्राने धातू कोरून, केलेला खळगा. (४) कारखान्यातच खळगा ठेवलेली स्लाइड आणि तिच्यावर मधली प्लेट. ग्लॉकच्या एमओएस मालिकेपासून (२०१५) हा प्रकार सर्वत्र झाला. साइटच्या तळाचा आकार कंपनीगणिक वेगळा असतो. आरएमआर, डॉक्टर, डेल्टापॉइंट प्रो, शील्ड आणि एक्रो हे प्रमुख नमुने. यांपैकी एक्रो खाली स्क्रूने न बसता बाजूच्या आडव्या चिमट्याने धरली जाते. प्लेट म्हणजे एक जास्तीचा सांधा, म्हणून चांगले मिलिंग शक्य असेल तिथे प्लेट टाळावी, असे मत आहे. मात्र वाईट मिलिंगपेक्षा चांगली प्लेट केव्हाही बरी.

पकड कशाने टिकते : स्क्रू साइटला खिळ्यासारखा अडवून धरतो, ही समजूत चुकीची आहे. स्क्रू ताणला जातो, त्या ताणाने दोन पृष्ठे एकमेकांवर दाबली जातात आणि पकड त्या दाबातून येणाऱ्या घर्षणाची असते. एक हिशेब पाहण्यासारखा आहे. साइटचे वजन ३४ ग्रॅम (आरएमआर बॅटरीसह एवढी भरते). समजा, सेकंदाला ५ मी. वेगाने मागे जाणारी स्लाइड १ मिमी. अंतरात थांबली. साइटवर सुमारे ४२५ न्यूटन बल येईल. ६-३२ (अमेरिकी माप) आट्यांचा ३.५ मिमी. व्यासाचा स्क्रू १२ इंच-पौंड टॉर्कला (पिळाच्या जोराला), म्हणजे १.३६ न्यूटन-मीटरला, कोरडा आवळला तर साधारण १,९०० न्यूटन ताण धरतो. दोन स्क्रूंचे ३,८०० न्यूटन आणि घर्षणांक ०.१५ धरला, तर पकड होते ५७० न्यूटनची. ती पुरते. तेच स्क्रू निम्म्या टॉर्कवर राहिले तर पकड २८५ न्यूटनवर येते, साइट प्रत्येक गोळीला केसभर सरकते आणि स्क्रूवर कातरबल येते. आडव्या सरकण्याने स्क्रू आपोआप उलटा फिरून ढिला होतो, हे गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे एकदा सरकायला लागलेली साइट स्वतःहून स्थिरावत नाही. स्लाइडवरील पुढच्या दोन उंचवट्यांचे आणि खळग्याच्या मागच्या भिंतीचे महत्त्व इथेच कळते. ते घट्ट जुळले तर घर्षणावरचा भार हलका होतो.

कृती : आधी शस्त्र रिकामे आहे याची खात्री करून दारूगोळा दुसऱ्या खोलीत ठेवावा. साइट नुसती बसवून बोटाने हलवून पाहावी. पुढेमागे खुळखुळ जाणवली तर प्लेट किंवा नमुना चुकला आहे. स्क्रूची लांबी मोजावी. पोलादात किमान व्यासाइतके आणि ॲल्युमिनियममध्ये दीडपट ते दुप्पट आटे पकडले गेले पाहिजेत. उलट स्क्रू लांब झाला तरी घात होतो. ग्लॉकवर उजवा स्क्रू जरा खाली उतरला, की एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामे काडतूस ओढून काढणाऱ्या भागाच्या) दांडीला लागतो आणि काडतुसाची रिकामी केस बाहेर पडेनाशी होते. दोष दिसतो काडतुसांचा, असतो स्क्रूचा.

मग आटे, स्क्रू आणि दोन्ही पृष्ठे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावीत. नव्या स्क्रूवरही कारखान्याचे तेल असते. निळे (२४३) किंवा लहान स्क्रूसाठी जांभळे (२२२) थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) एक थेंब पुरे. बंद भोकात ते भोकातच सोडावे. जास्त झाले, तर तळाशी दबून स्क्रूला उलट दाब देते आणि पान्यावर टॉर्क पुरा दिसला तरी ताण आलेलाच नसतो. लाल थ्रेडलॉकर इथे नको. ते सोडवायला २५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावे लागते आणि तेवढ्यात साइटमधले रबर व इलेक्ट्रॉनिक्स जाते. दोन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे करत १० ते १५ इंच-पौंडांदरम्यान कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत आवळावेत. निळ्याची पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात. संध्याकाळी बसवून लगेच सकाळी रेंजवर नेणे म्हणूनच चुकीचे. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून साइटच्या अंगावर पेंट-पेनने एक बारीक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली, की स्क्रू फिरला.

रेलच्या माउंटमध्ये आवळण्याआधी साइट नळीच्या तोंडाकडे सारून आडवा बोल्ट खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवावा. गोळी सुटताना रायफल मागे जाते आणि साइट जडत्वाने पुढे जाऊ पाहते. बोल्ट आधीच टेकला असेल तर सरकायला जागा उरत नाही. स्प्रिंग-पिस्टन एअरगनमध्ये गणित उलटे असते. आधी बंदूक मागे जाते आणि लगेच पिस्टन आदळल्यावर पुढे जोराचा झटका बसतो. साइट मागे सरकत जाते, म्हणून अडकण-पिन माउंटच्या मागच्या बाजूस हवी. अग्निशस्त्रांवर वर्षानुवर्षे टिकलेली साइट एअरगनवर छऱ्यांच्या काही डब्यांतच हलते, त्याचे कारण हेच. साइटचा पुढचा पाय हँडगार्डवर (नळीभोवतीच्या हात धरण्याच्या आवरणावर) आणि मागचा रिसीव्हरवर (रायफलच्या मुख्य सांगाड्यावर), असे कधीही करू नये. हँडगार्ड तापून आणि हाताच्या दाबाने हलतो.

स्क्रू आणि पाने : मुंबईत बारीक स्क्रू आणि पाने नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. मात्र तिथे मिळणारा माल बहुतांशी मेट्रिक असतो आणि अमेरिकी साइटचे स्क्रू अनेकदा ६-३२ आट्यांचे. एम३.५ चा व्यास जवळजवळ तोच, परंतु आट्याचे अंतर ०.६ मिमी., तर ६-३२ चे ०.७९ मिमी. दोन फेरे सहज आत जातात, तिसऱ्याला पाना जड लागतो आणि जोर लावला की आटे मेले. दुसरा सापळा स्टेनलेसचा. एम३ चा ए२-७० प्रतीचा स्क्रू १.३६ न्यूटन-मीटरला कोरडा आवळला तरी सुमारे ४५० मेगापास्कल ताणापर्यंत, म्हणजे त्याच्या शरण-बिंदूपर्यंत (जिथून तो कायमचा ताणला जातो तिथपर्यंत) पोचतो. तेल असेल तर त्याच्या पुढे जातो. गंज लागत नाही म्हणून घेतलेला स्क्रू असा ताणला जाऊन तुटतो. १२.९ प्रतीचा काळा स्क्रू घ्यावा आणि गंजावर वेगळा इलाज करावा. टॉर्क-पाना इंच-पौंडांत आहे की न्यूटन-मीटरमध्ये, हे पाहूनच हाती धरावा (१ न्यूटन-मीटर म्हणजे ८.८५ इंच-पौंड). इंच-पौंडाच्या जागी फूट-पौंड धरला, तर बारापट जोर लागतो.

मुंबईची हवा : जुलैत येथील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते आणि समुद्रकाठी हवेत मीठ असते. ॲल्युमिनियमची बैठक आणि पोलादी स्क्रू यांच्या सांध्यात ओल राहिली, की ॲल्युमिनियम पांढरे पडून खात जाते आणि पकडीचा दाब कमी होतो. आट्यांबाहेर दिसणाऱ्या भागावर तेलाचा पातळ हात द्यावा, सांध्यात नव्हे. उघड्या साइटमध्ये एलईडी आणि काच यांच्यामध्ये थेंब बसला, तर ठिपका फुटून फुलासारखा पसरतो. वातानुकूलित गाडीतून उतरून दमट रेंजवर पेटी उघडली की हे हमखास होते. पेटी बंदच ठेवून वीसेक मिनिटे बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावी. बंदिस्त साइटमध्ये बाहेरची काच धुरकटते, पण पुसता येते. पावसाळ्यापुरते बोलायचे तर बंदिस्त प्रकार सरस आहे.

वापर आणि नियम : आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) पिस्तूल आणि स्थिर लक्ष्याच्या रायफल प्रकारांत प्रक्षेपित ठिपक्याची साइट चालत नाही, धावत्या लक्ष्याच्या प्रकारांत दुर्बीण चालते. वरळीच्या रेंजवर ऑलिंपिक प्रकारांचा सराव करणाऱ्यांच्या हाती म्हणून ही साइट सहसा दिसत नाही. तिचा उपयोग सुरक्षा दलांत, व्यावहारिक नेमबाजीत आणि हौशी एअरगनवर. स्लाइडवर मिलिंग करणे हा शस्त्रातच केलेला बदल आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार असे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे.

दोषनिदान : गोळ्यांचा पुंजका घट्ट पण जागा बदललेली, तर साइट एकदा सरकून टेकली आहे. पुंजकाच पसरला, तर ती प्रत्येक गोळीला हलते आहे. ठिपका धक्क्याला क्षणभर विझतो, तर बॅटरीचा संपर्क तपासावा. सीआर२०३२ सेल खालून घालण्याच्या साइटमध्ये सेल बदलताना साइट उतरवावीच लागते. अशा वेळी जुने थ्रेडलॉकर खरवडून, टॉर्क नव्याने देऊन झिरो (ठिपका आणि गोळीची जागा यांची जुळणी) पुन्हा तपासावे. नव्याने बसवलेल्या साइटवर पहिल्या ५० गोळ्यांनंतर रेघ पाहावी. ती अखंड असूनही झिरो हलत असेल, तर साइटच्या स्क्रूंना हात न लावता प्लेटखालचे स्क्रू पाहावेत. ते साइटखाली झाकलेले असतात, त्यामुळे बसवतानाच त्यांना वेगळा टॉर्क देऊन वेगळी रेघ मारलेली नसेल, तर साइट उतरवण्यावाचून गत्यंतर नसते.